बारावा रुपया

आमच्या घरात मेटल डिटेक्टर आला तो कुणाच्या सुरक्षेसाठी नव्हे, बायकोच्या कानातल्यासाठी. एप्रिल महिना होता. सक्करदऱ्यात तलावाच्या मागच्या अंगाला आमचे छोटे घर आहे आणि घरामागे घराहून थोडेसेच लहान अंगण. त्या अंगणात वाळवणे घालताना बायकोच्या उजव्या कानातले सोन्याचे फूल कुठेतरी गळून पडले. कुरड्या चाळून झाल्या, सांडगे फोडून झाले, शेवटी मलाही दोनदा उठवून, झटकून परत बसवण्यात आले. फूल मिळाले नाही.

अशा प्रसंगी जो माणूस हटकून उगवतो, तो उगवला. म्हणजे आमचा मेहुणा. या गृहस्थाला यंत्रांचे वेड आहे. कुणी कशाने आजारी आहे असे ऐकले की लोक डॉक्टर सुचवतात, हा यंत्र सुचवतो. "भाऊजी, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिले? माझ्या मित्राजवळ मशीन आहे. जमिनीत टाचणी असली तरी सांगते." त्याच्या बहिणीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू गेली अठरा वर्षे असे एखादे यंत्र घरात नसणे हा माझाच निष्काळजीपणा होता.

यंत्र आले. एक लांब दांडा, दांड्याच्या खाली ताटाएवढी गोल थाळी, वर मुठीजवळ एक डबी, तिच्यावर आकडे आणि कानाला लावायचे भोंगे. मेहुणा ते घेऊन अंगणात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा फिरू लागला, की शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारले, "काहो, फवारणी करून राहिले का?"

मी कॉमर्सचा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सन्मानाने संपला. तरीपण हे यंत्र मला चटकन समजले. थाळीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून क्षणाक्षणाला उलटसुलट होणारा वीजप्रवाह सोडतात, त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र शिरते. तिथे धातू असेल तर त्याच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे बारीक प्रवाह उठतात आणि तो धातू उलट आपले क्षेत्र पाठवतो. दुसरे वेटोळे हे उत्तर ऐकते. आता खुबी अशी, की प्रत्येक धातूचे उत्तर सारख्या विलंबाने येत नाही. त्या विलंबावरून यंत्र ठरवते की खाली लोखंड आहे की चांदी. उत्तर काय आले यापेक्षा ते किती उशिरा आले यावरून माणूस ओळखणे, हे मी बँकेत वीस वर्षे करत आलो आहे.

लोखंडाला हे यंत्र घोगरे गुरगुरते, चांदीला आणि तांब्याला उंच, स्वच्छ सुरात बोलते. आमच्या शाखेतले एक म्हातारे हेडकॅशियर मी नवीन असताना सांगायचे, की जुन्या काळी रुपया दगडावर वाजवून घेत. खरा असला तर खणखणीत, खोटा असला तर बद्द. म्हणजे हे यंत्र काय, तर जमिनीत हात न घालता नाणे वाजवून पाहणारा सराफच. फक्त या सराफाची एक खोड आहे. बारीक सोन्याचा दागिना आणि चॉकलेटच्या आतला चकचकीत कागद यांना तो जवळजवळ एकाच सुरात हाक मारतो. हे ऐकून मला लग्नसराईतले काही नातेवाईक आठवले, पण ती नावे इथे नकोत.

पहिल्या दिवसाची मिळकत अशी: बाटल्यांची सतरा झाकणे, दाढीची नऊ पाती, वाकलेले खिळे असंख्य, ॲल्युमिनियमचे दहा पैसे दोन, बैलाच्या खुराची अर्धी नाल एक आणि चॉकलेटचे कागद. मधूनमधून यंत्र काही नसतानाही बडबडे. मेहुणा म्हणाला, हा काळ्या मातीचा गुण. बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीतच लोहाचे कण असतात. "माती जास्त बोलून राहिली, भाऊजी. तिला आधी गप करावं लागते." त्यासाठी एक बटण होते. मग दुसरे बटण दाखवले. ते फार महत्त्वाचे. ते फिरवले की यंत्र लोखंडाला ऐकूच येत नसल्यासारखे करते. खिळे, पाती, बिजागऱ्या, सगळे मुके. फक्त भारी माल बोलतो. मेहुण्याने ते बटण निम्म्याच्या पुढे नेऊन ठेवले आणि अंगणात एकदम शांतता पसरली.

या बटणाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. असे बटण आपल्या सर्वांजवळ असते आणि ते कुठवर फिरवून ठेवले आहे यावरच आपली झोप अवलंबून असते, हे त्या वेळी सुचले नव्हते. ते पुढे सुचले आणि महागात पडले.

या यंत्राचा पहिला मोठा प्रयोगही असाच फसला होता. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर कुणीतरी गोळी झाडली. गोळी अंगात कुठे रुतली आहे ते डॉक्टरांना कळेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धातू शोधणारे एक उपकरण घेऊन थेट अध्यक्षांच्या पलंगाशी गेले. उपकरण जिथे न्यावे तिथे थोडेथोडे बोलू लागले. मागाहून उमगले, की गादीच्या आत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यातून डॉक्टरसाहेबांचा हट्ट असा, की गोळी उजव्या बाजूलाच आहे, तिथेच पाहा. गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. यंत्राला दोष काय द्यायचा? जिथे बघू दिले तिथे त्याने बघितले. आमच्याकडे बँकेचे इन्स्पेक्शन येते, तेसुद्धा अगदी असेच बघून जाते.

दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीत बातमी पसरली, की कानातल्याचे नुसते निमित्त आहे, आम्ही भोसल्यांचा खजिना शोधत आहोत. सक्करदऱ्यात राहून हे ऐकल्याशिवाय कुणाचे बालपण संपत नाही. भोसले राजांचा वाडा इथलाच. त्यामुळे प्रत्येकाच्या आजोबांना कुणीतरी सांगितलेले असते, की तलावापासून वाड्यापर्यंत भुयार आहे आणि भुयारात हंडे आहेत. गच्चीवरच्या काकू खाली उतरून थेट कुंपणाशी आल्या. मी त्यांना सांगितले, की काकू, १८५४ साली कंपनी सरकारने नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा राजवाड्यातले हत्तीघोडे आणि जडजवाहीर लिलावात काढले. त्या लोकांना यंत्राची गरज पडली नाही. ते आपल्यासाठी काही मागे ठेवून गेले असतील असे वाटत नाही. काकूंना हे पटले नाही. खजिना नाही म्हणणारा माणूस खजिना सापडलेला असतो, असा त्यांचा ठाम समज दिसला.

तसे पाहिले तर आपल्या बाजूची जमीन अगदीच रिकामी नाही. १८७० साली बालाघाटकडे, तेव्हाच्या मध्य प्रांतात, गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याची हत्यारे सापडली. मोजली तेव्हा ४२४ भरली, वजन ८२९ पौंड, आणि सोबत चांदीचे १०२ पातळ तुकडे. त्यातली काही आपल्या अजब बंगल्यात आहेत. तिकडे नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एक माणूस झुडपाचे मूळ खणत होता, त्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असा साठ किलोंवर माल मिळाला. दोन्हीकडे यंत्र नव्हते. हातात काठी किंवा कुदळ होती आणि डोक्यात भलतेच काम होते. मोठे शोध बहुधा किरकोळ कामावर निघालेल्या माणसालाच लागतात असे दिसते.

आम्हालाही लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी जांबाचे झाड होते (पुण्यामुंबईच्या वाचकांनी पेरूचे समजावे), तिथे यंत्र असे उंच सुरात गायला लागले की मेहुणा कानातले भोंगे काढून नुसता उभा राहिला. आम्ही सब्बल घातली. दीड वीत खाली गेल्यावर ठण्ण वाजले आणि सब्बलीच्या टोकाला पितळेची एक डबी चेमटून वर आली. झाकण उडाले. मातीत रुपये सांडले. चांदीचे. बायको कंदिलासारखा मोबाइल धरून उभी होती. मोजले, अकरा भरले. दोन राणीछाप, बाकी राजाछाप. हे जुने रुपये बरोबर एक तोळा वजनाचे. १९४० नंतर त्यातली चांदी निम्म्यावर आली, हे तसे नव्हते. आधीचे होते, खणखणीत.

दोन मिनिटे कुणीच बोलले नाही. मग मेहुणा हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, कोणाले सांगू नका." आणि इथून या लेखाचा विनोद कमी होत जातो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

हे घर आम्ही २००९ साली बँकेचे कर्ज काढून घेतले. त्याआधी इथे एक कुटुंब पन्नासपंचावन्न वर्षे राहत होते. त्यांच्याआधी इथे शेत होते. खरेदीखतात जमीन, बांधकाम, विहीर, झाडे, सगळे लिहिलेले आहे. डबी लिहिलेली नाही. मग डबी कुणाची? मी जमीन घेतली, तेव्हा जमिनीच्या पोटातलेही घेतले का? बायकोचे मत पडले, "घेतलंच की. फणसाचं झाड घेतलं तर फणस काय मालकाला नेऊन द्यायचे?" उदाहरण बिनतोड होते. फक्त फणस नंतर लागतात आणि डबी आधी ठेवलेली असते, एवढाच काय तो फरक.

आमच्या गल्लीत एक निवृत्त वकील आहेत. त्यांना मी 'समजा एखाद्याला' अशी सुरुवात करून विचारले. 'समजा एखाद्याला' असे कुणी म्हटले की वकील आणि डॉक्टर दोघेही लगेच त्याच्याचकडे रोखून पाहतात. त्यांनी सांगितले, की १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवर किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे. काय सापडले, कुठे, केव्हा. माल सरकारी खजिन्यात ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. मग जाहीर सूचना निघते, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. शंभर वर्षांच्या आत ते कुणी पुरले असेल आणि तो किंवा त्याचा वारस पुढे आला, तर त्याचा दावा कोर्टात चालतो. कुणीच नाही आले तर धन बेवारशी ठरते. मग सापडणाऱ्याला आणि जागेच्या मालकाला काय ते मिळते. दोघांत तसा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. आणि कळवलेच नाही तर एक वर्षापर्यंत कैद.

मी मनात हिशेब केला. मर्यादा दहा रुपये. आमचे नुसत्या छापील किमतीने अकरा. चांदीचा भाव सोडून द्या, एका रुपयाने मी गुन्हेगार होत होतो.

घरी येऊन अर्ज लिहिला. तीन प्रती काढल्या, कारण कारकुनाचा देव तीन प्रतींत प्रसन्न होतो. आमची मुलगी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन बसली आहे. (कॉमर्सवाल्याच्या घरात हे कसे झाले, याचीही एकदा चौकशी व्हायला हवी.) ती म्हणाली, "बाबा, हे तर प्लेटोमध्ये आहे." तिथे एका मेंढपाळाला जमिनीच्या भेगेत अंगठी सापडते. अंगठी फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो काय करतो, तर राजाचा खून करून स्वतः राजा होतो. प्रश्न असा, की कुणीच पाहणार नसेल तर माणूस प्रामाणिक राहील का? अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा भानगड जमिनीतल्या धातूपासूनच सुरू झाली, हे ऐकून मला जरा धीर आला.

पण मला त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधायची गरज नव्हती. ते माझ्या पोटापाण्यात आहे. कॅशच्या काउंटरवर बसणाऱ्याचा नियम सोपा आहे. संध्याकाळी रोख कमी भरली, तर ती कॅशियरने खिशातून भरायची. जास्त भरली, तर ती कॅशियरची नाही. ती वेगळ्या खात्यात जमा करून ठेवायची आणि मालक येईल म्हणून वाट पाहायची. तोटा माझा, नफा परका. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी पाचशे रुपये जास्त निघाले. कुणी पाहिले नव्हते. आठवडाभर आधी तीनशे कमी आले होते ते मीच भरले होते, म्हणजे माझ्या हिशेबाने दोनशेच जास्त होते. मी हेडकॅशियरना तसे सांगितले. ते म्हणाले, "बरोबर. पण तुझे तीनशे ज्यानं नेले तो वेगळा, अन् हे पाचशे ज्याचे गेले तो वेगळा. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या नावावर वजा होत नाही." मी जमा केले. चौथ्या दिवशी शाळेची फी भरायला निघालेली एक बाई रडत आली.

आणि खरे सांगायचे तर आजची सर्वांत मोठी पुरलेली डबी बँकच आहे. लोक पैसे ठेवतात, विसरतात, मरून जातात, घरच्यांना पत्ता नसतो. दहा वर्षे कुणी हात लावला नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. हा निधी २०१४ साली सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सरकारी बँकांनी त्यात सुमारे ३५ हजार कोटी रुपये भरले होते. पण नियमातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की निधीत गेले तरी मालकी जात नाही. वारस केव्हाही आला तर बँकेने द्यायचे. पैसे पुरले गेले म्हणून मालकी पुरली जात नाही. हे वाक्य मी किती ग्राहकांना काउंटरवरून ऐकवले असेल! आता ते घरात, बायको आणि मेहुणा यांच्यासमोर, स्वतःला ऐकवायची पाळी आली होती.

मेहुणा म्हणाला, "विलायतेत लोकं याच्यातच करोडपती झाले, भाऊजी." झाले हे खरे. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला त्याचा मित्र यंत्र घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातली चौदा हजारांवर नाणी लागली. त्याने पुढे खणणे थांबवून सरळ वर्दी दिली. त्याला साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळाले, ते त्याने शेतकऱ्यासोबत वाटून घेतले, आणि ती हातोडीही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण तिथल्याच दुसऱ्या दोघांना २०१५ साली नाण्यांचा आणि दागिन्यांचा साठा सापडला, त्यांनी तो लपवून विकायला काढला, तर २०१९ साली एकाला दहा वर्षे आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षे शिक्षा झाली. यंत्र दोघांजवळही होते. मेहुणा म्हणाला, "म्हणजे हातोडी हरवणारा मित्र पाहिजे." या मुद्द्यावर चर्चा थांबली.

रविवारी मी एकटाच महालात गेलो. ज्यांच्याकडून घर घेतले त्या आजी आता तिथे लेकीकडे राहतात. नव्वदी ओलांडलेली, कान तेवढे जरा गेलेले. शेंगा सोलत बसल्या होत्या. डबी पिशवीत होती, पण मी ती दाखवली नाही. हक्क सांगणाऱ्याने आधी वर्णन करावे, मग माल दाखवावा, ही आमची बँकेची शिस्त. म्हटले, "आजी, आपल्या अंगणात काही ठेवलं होतं का कधी?"

आजींचा हात थांबला. "डबी सापडली काय रे बापू?"

"कसली डबी?"

"पितळेची. जांबाच्या बुडाशी." मग त्यांनी सांगितले. आजोबांना आकड्याचा नाद होता. घरातली भांडी गेली, पाटल्या गेल्या. तेव्हा माहेरचे रुपये त्यांनी रात्री पुरले. पुढे झाड पडले, अंगणात फरशी झाली, ती फरशी पुन्हा उखडली, आणि जागा हरवली. म्हातारे गेले, मुलांनी घर विकले. मुलांना सांगितले नव्हते का? "सांगून काय करत? एकाले बापाचाच नाद लागला होता." हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या, जसे शेंग किडकी निघाली.

मी विचारले, "किती होते?"

"बारा. माह्या मायनं देल्ले होते, मोजून. तीन राणीछाप."

मी डबी काढली. पदरावर रुपये ओतले. आजींनी एकेक करून मोजले. मग पुन्हा मोजले. मग माझ्याकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत. लेक दारात उभी होती, तीही बोलली नाही. चहा आला, पण तो कसा, तर बशी न देता आला.

आयुष्यात इतके अपराधी मला कधी वाटले नाही, आणि ते सुद्धा अकरा रुपये परत दिल्यावर! मी काहीच केले नसते, तर मी गल्लीतला अब्रूदार गृहस्थ होतो. चांगले केले आणि एका रुपयाचा चोर ठरलो. घरी आल्यावर बायकोला माझ्यापेक्षा जास्त राग आला. "उद्या इतवारीत सराफ्यात जा, एक राणीछाप विकत आणा, आणि त्यांच्या पदरात टाका. होऊ द्या बारा."

सूचना वाईट नव्हती. रोख कमी आली की कॅशियरने भरायची, हा तर माझाच नियम. आजींचे समाधान, माझी अब्रू, सगळे साधले असते. सोमवारी बँक सुटल्यावर मी स्कूटर इतवारीकडे वळवलीसुद्धा. गांधीसागर तलावापाशी थांबलो. मनात आले, की काउंटरवर कमी भरलेले शंभर रुपये मी माझ्या शंभर रुपयांनी भरले तर चालते, कारण शंभरची नोट ती शंभरची नोट. पण आजींच्या आईने मोजून दिलेला रुपया सराफाच्या रुपयाने भरता येतो का? ती खोटी पावती झाली. तिथे रक्कम बरोबर असते आणि सही खोटी. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मनातल्या मनातही मोठ्याने बोलायची लाज वाटत होती. बारावा रुपया मेहुण्याच्या खिशात तर नाही ना?

बघा, म्हणजे आजींनी माझ्यावर जो संशय घेतला, तोच मी घरी येईपर्यंत दुसऱ्याच्या नावावर वर्ग करून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी मेहुण्याला बोलावले. तो आला, ऐकले, आणि एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "भाऊजी, ते बटण." मला कळेना. त्याने समजावले. आपण लोखंड ऐकू येऊ नये म्हणून बटण फिरवले होते. पण चांदीचे नाणे जर लोखंडाला अगदी चिकटून पडले असेल, तर लोखंडाचा आवाज दाबताना यंत्र नाण्याचाही आवाज दाबते. दोघे एकदम मुके. आपल्याला वाटते, जमीन रिकामी.

त्याने बटण शून्यावर आणले. अंगण एकदम ओरडायला लागले. खिळे, पाती, तारा, झाकणे, सगळा गंज एका सुरात. तीन दिवस जो कचरा आम्ही ऐकला नव्हता, तो सगळा आता ऐकावा लागला आणि एकेक करून खणून काढावा लागला. बायकोने टॉर्च धरला. गच्चीवर काकू होत्याच. रात्री साडेनऊला, डबीच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर, दाराची एक गंजकी बिजागरी निघाली. सब्बलीच्या झटक्याने उडालेला राणीछाप रुपया तिच्या पानाला टेकून उभा होता.

मेहुण्याने तो माझ्या हातात ठेवला. मी त्याच्याकडे नीट पाहू शकलो नाही. त्याला काय कळले आणि काय नाही, ते यंत्रही सांगू शकणार नाही. "पुसून द्या," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी महालात गेलो. आजींनी रुपया घेतला, फरशीवर आपटून वाजवून पाहिला आणि बाकीच्या अकरांत ठेवला. "म्हटलं नव्हतं का, बारा होते म्हणून?" आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. ना आभार, ना माफी. चहा मात्र या वेळी बशीसकट आला.

याच सक्करदऱ्यात १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी पागलखान्यातून एका माणसाला आपल्या वाड्यात आणले. सरकारी वही त्याला वेडा म्हणत होती, लोक आज त्याला ताजुद्दीन बाबा म्हणतात. बाबांबद्दल काही बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त वहीबद्दल बोलतो. वहीत लिहिले म्हणून माणूस तसा असतो असे नाही, आणि आवाज आला नाही म्हणून जमीन रिकामी असते असेही नाही. लोक विचारतात, सद्सद्विवेक म्हणजे काय? माझ्या मते ते एक यंत्र आहे आणि ते बिघडलेले बहुधा नसते. आपण फक्त त्याचे बटण फिरवून ठेवलेले असते, कचऱ्याचा त्रास नको म्हणून. मग कचऱ्याला टेकून जे काही उभे असते, तेही ऐकू येत नाही.

राहता राहिले कानातले. ते पुढच्या महिन्यात कणकेच्या डब्यात सापडले. डबा स्टीलचा. यंत्र त्याच्यावर धरले असते, तरी ते डब्याचेच नाव सांगत बसले असते.

आणि कलेक्टरसाहेबांच्या नावाचा तो अर्ज? त्याच्या तिन्ही प्रती अजून माझ्या कपाटात आहेत. मालक सापडला, माल पोचला, आता कशाला सरकारला त्रास, असे म्हणून मी तो दिलाच नाही. कायद्यात 'मालक आधीच सापडला तर कळवू नये' असे कुठेही लिहिलेले नाही, हे मला माहीत आहे. वकीलकाकांना मी अजून विचारलेले नाही. विचारायला गेलो, तर 'समजा एखाद्याला' असेच म्हणावे लागेल.